बदललेल्या पानांची वही कोणाची?

मे २००५ मध्ये बोस्टनला भरलेल्या एनएसडीआय परिषदेत केंब्रिज आणि कोपनहेगन विद्यापीठांशी संबंधित आठ संशोधकांनी एक निबंध मांडला. चालू असलेले व्हर्च्युअल मशीन आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट आणि सुरू असलेल्या नेटवर्क-जोडण्यांसकट एका प्रत्यक्ष यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते, हे त्यांनी झेन या हायपरवायझरवर, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर, करून दाखवले होते. क्वेक-३ या खेळाचा सर्व्हर खेळ रंगात असतानाच हलवला गेला आणि तो पूर्णपणे थांबला फक्त ६० मिलिसेकंद. हे साधले ते एका माहितीच्या बळावर: मागच्या वेळी प्रत पाठवल्यानंतर मेमरीतली कोणती पाने बदलली? आता ही माहिती इंटेलचे प्रोसेसर वीस वर्षांपासून ठेवत होते. १९८५ च्या ८०३८६ पासून पेज टेबलाच्या प्रत्येक नोंदीत ‘डर्टी’ नावाचा एक बिट असे आणि पानावर काही लिहिले गेले की प्रोसेसर तो आपणहून उमटवत असे. तरीही झेनच्या कर्त्यांनी त्या बिटावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी सगळी पाने लिहिण्यासाठी बंद केली, प्रत्येक पानावरचे पहिले लेखन मध्येच अडवले आणि स्वतःची वेगळी नोंद उभी केली. आयती माहिती हाताशी असताना एवढा खटाटोप का करावा लागला, या प्रश्नात या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. हा इतिहास सहसा वेगाचा आणि युक्त्यांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो मुख्यतः नोंदीच्या मालकीचा इतिहास आहे, आणि इथे मालकी म्हणजे नोंद पुसण्याचा अधिकार.

बिटाचा जन्म काटकसरीतून झाला. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ॲटलस संगणक डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे १६ हजार शब्दांची कोअर मेमरी आणि ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम होता. ही दोन्ही साठवणे प्रोग्रामरला एकच मोठी मेमरी म्हणून दिसावीत, यासाठी मेमरीची ५१२ शब्दांची पाने केली गेली आणि लागेल तसे पान ड्रमवरून आत येऊ लागले. आत जागा करायची तर कोणते तरी पान बाहेर काढावे लागे. पुढे मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बांधलेल्या जीई-६४५ सारख्या यंत्रांत पेज टेबलातच दोन खुणा आल्या: पान वापरले गेले का, आणि पान बदलले का. दुसऱ्या खुणेचा हिशेब सरळ होता. पान आत आल्यापासून बदललेच नसेल, तर बाहेर त्याची जशीच्या तशी प्रत आहे. ते पुन्हा लिहून वेळ घालवण्याचे कारण नाही. ड्रम आणि डिस्क प्रोसेसरच्या मानाने अतिशय मंद असताना वाचलेले प्रत्येक लेखन मोलाचे होते. या टप्प्यावर मालकीचा प्रश्न उद्भवत नव्हता. यंत्रावर एकच ऑपरेटिंग सिस्टिम होती. बिट वाचणारी तीच आणि पुसणारीही तीच.

प्रश्न उभा राहिला तो एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिमी नांदू लागल्या तेव्हा. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने सीपी-४० आणि मग सीपी-६७ तयार केले. त्यातूनच ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाले. सिस्टिम/३७० मध्ये बदलाची खूण पेज टेबलात नसून प्रत्यक्ष मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला जोडलेल्या स्टोरेज-कीमध्ये असे. आता आत चालणाऱ्या सिस्टिमने आपल्या हिशेबासाठी ती खूण पुसली असे समजा. तिच्या दृष्टीने व्यवहार चोख आहे: पान तिने आपल्या डिस्कवर लिहून ठेवले, खूण पुसली, विषय संपला. पण खाली बसलेल्या नियंत्रक प्रोग्रामलाही त्याच खुणेची गरज आहे, कारण तोही त्या पानाला मेमरीतून बाहेर काढू शकतो. खूण पुसलेली पाहून त्याने ‘बदल नाही’ असे मानले आणि पान टाकून दिले, तर त्याच्या साठ्यात राहते ती जुनी प्रत, आणि आतल्या सिस्टिमची माहिती कोणतीही चूक न दाखवता नष्ट होते. म्हणून स्टोरेज-की वाचण्या-बदलण्याच्या सूचना अडवून दोघांचा हिशेब वेगळा ठेवणे भाग पडले. १९८० च्या दशकात आलेल्या ३७०-एक्सए रचनेत व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय थेट हार्डवेअरमध्ये आली, तेव्हा वापर आणि बदल यांच्या खुणा यजमान (म्हणजे खालचा नियंत्रक प्रोग्राम) व आतली सिस्टिम या दोघांसाठी स्वतंत्रपणे जपण्याची तरतूदही तिच्यासोबतच आली. आजच्या लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरवायझरचा आयबीएम मेनफ्रेमसाठीचा भाग पाहिला, तर प्रत्येक पानामागे चार खुणा जपलेल्या दिसतात: आतल्या सिस्टिमच्या दोन आणि यजमानाच्या दोन. मालकीच्या प्रश्नाला दिलेले इतके स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनला (डीईसी) हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने भिडला. ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेल्या व्हॅक्स-११/७८० च्या पेज टेबलात बदलाचा बिट होता, पण वापराचा नव्हता. १९८० च्या दशकात कंपनीने व्हॅक्ससाठी सुरक्षित हायपरवायझर बांधायला घेतला, तेव्हा अडचण समोर आली. आतल्या सिस्टिमचे पेज टेबल प्रोसेसर थेट वापरत नसे. हायपरवायझर त्याची एक छाया-प्रत तयार करी आणि प्रोसेसर तीच पाही. पानावर लेखन झाले की बिट उमटे तो छाया-प्रतीत. आतली सिस्टिम मात्र स्वतःचे टेबल बघे आणि तिथे तिला आपले पान कोरेच दिसे. इथे नोंद हायपरवायझरकडे जमा होत होती आणि जिची होती तिला मिळत नव्हती. यावर उपाय म्हणून प्रोसेसरची वागणूकच बदलण्यात आली. न बदललेल्या पानावर पहिल्यांदा लिहिले जाताच त्याने बिट गुपचूप उमटवण्याऐवजी हायपरवायझरला हाक द्यायची, आणि हायपरवायझरने दोन्ही टेबलांत नोंद करायची. ज्यूडिथ हॉल आणि पॉल रॉबिन्सन यांनी १९९१ मध्ये या कामाचे वर्णन प्रसिद्ध केले. आयबीएमने खुणा वाढवल्या, डीईसीने नोंद होण्याचा क्षण हायपरवायझरच्या हाती दिला. मार्ग वेगळे असले तरी एक बिट दोन हक्कदारांना पुरत नाही हे दोघांनीही ओळखले होते.

दरम्यान या बिटाला एक नवे काम मिळाले होते. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्विन थाइमर, कीथ लँट्झ आणि डेव्हिड चेरिटन यांनी व्ही-सिस्टिममध्ये चालू प्रोग्राम एका वर्कस्टेशनवरून दुसऱ्यावर हलवण्याची पद्धत मांडली. आधी प्रोग्राम चालू ठेवूनच त्याची सगळी मेमरी पलीकडे पाठवायची. तेवढ्या वेळात बदललेली पाने दुसऱ्या फेरीत पाठवायची. त्या वेळात बदललेली तिसऱ्या फेरीत. फेऱ्या आखूड होत जातात, आणि थोडीच पाने उरली की प्रोग्राम क्षणभर थांबवून तेवढी पोहोचवायची. इथे बिटाला विचारलेला प्रश्नच बदलला. पूर्वी विचारणा होती: पान आत आल्यापासून बदलले का? आता विचारणा झाली: मी मागच्या खेपेला विचारल्यापासून बदलले का? दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक फेरीला बिट पुसावा लागतो, आणि तोही ठरावीक क्रमाने. आधी पुसायचा, मग पानाची प्रत घ्यायची. क्रम उलटा झाला, तर प्रत घेणे आणि पुसणे यांच्या दरम्यान झालेला बदल कायमचा हरवतो. प्रोसेसरच्या टीएलबीमध्ये साठवलेले पत्त्यांचे जुने भाषांतरही त्याच वेळी रद्द करावे लागते; नाहीतर लेखन होत राहते आणि नोंद होत नाही. व्ही-सिस्टिममध्ये हे तुलनेने सोपे होते, कारण पेज टेबल आणि स्थलांतर दोन्ही एकाच कर्नलच्या ताब्यात होते. हीच पद्धत अख्ख्या व्हर्च्युअल मशीनला लावायची म्हटल्यावर आयबीएम आणि डीईसी यांना भेडसावलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला.

झेनच्या कर्त्यांनी डर्टी बिट का वापरला नाही, ते आता उलगडते. झेनमध्ये लिनक्सची पेज टेबले लिनक्सचीच असत. हायपरवायझर त्यांतले बदल तपासून मान्य करी एवढेच. डर्टी बिट लिनक्सच्या मेमरी-व्यवस्थेचा होता. हायपरवायझरने तो आपल्या सोयीसाठी पुसला असता, तर बदललेली पाने डिस्कवर लिहायला लिनक्स विसरले असते. म्हणून स्थलांतर सुरू होताच झेन त्या मशीनखाली छाया-टेबले घाली आणि त्यांतली सगळी पाने फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवी. पहिल्या लेखनाला प्रोसेसर अडे, हायपरवायझर बिटमॅपमध्ये एक खूण करी आणि पान खुले करी. फेरी संपली की बिटमॅप घ्यायचा, कोरा करायचा, पाने पुन्हा बंद करायची. ४ किलोबाइटचे एक पान धरले, तर ४ गिगाबाइटच्या मशीनला १०,४८,५७६ पाने होतात आणि त्यांचा सगळा बिटमॅप १२८ किलोबाइटमध्ये मावतो. व्हीएमवेअरने २००३ मध्ये बाजारात आणलेले व्हीमोशनही पूर्व-प्रतीच्या, म्हणजे मशीन चालू ठेवून फेऱ्याफेऱ्यांनी पाने पाठवण्याच्या, याच तत्त्वावर उभे होते. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर कर्नलमध्ये आले आणि तिथेही मेमरीच्या प्रत्येक विभागामागे बदलांचा बिटमॅप ठेवण्याची सोय झाली.

यावर एक सबळ आक्षेप आहे. हा मालकीचा नव्हे, निव्वळ खर्चाचा प्रश्न होता, असे कोणी म्हणेल. एकच प्रत्यक्ष पान अनेक टेबलांत जोडलेले असू शकते; ते बदलले का हे ठरवायला सगळी टेबले धुंडाळावी लागतात, त्यापेक्षा लेखन अडवणे स्वस्त पडते. यातला तांत्रिक मुद्दा खरा आहे. पण खर्च हेच कारण असते, तर जिथे खर्च नगण्य आहे तिथे वेगळ्या नोंदी दिसायला नकोत, आणि त्या दिसतात. क्यूईएमयू हा एम्युलेटर एकाच मेमरीवर बदलांच्या तीन स्वतंत्र नोंदी ठेवतो: एक पडदा पुन्हा रंगवण्यासाठी, एक भाषांतरित कोड शिळा झाला का हे पाहण्यासाठी आणि एक स्थलांतरासाठी. तिन्ही नोंदी एकाच प्रोग्रामच्या आत आहेत, तिथे परका कोणीच नाही. तरी त्या वेगळ्या आहेत, कारण पडदा रंगवून झाल्यावर खूण पुसली जाते आणि स्थलांतराला ती अजून हवी असते. केव्हीएममध्ये २०१९ साली झालेला बदलही हेच सांगतो. तोवर नोंद वाचली की ती त्याच क्षणी पुसलीही जात असे. मग वाचणे आणि पुसणे ही दोन कामे वेगळी केली गेली, म्हणजे पान प्रत्यक्ष पाठवण्याच्या अगदी आधी त्याची खूण पुसता येईल आणि मधल्या वेळेत बदललेली पाने उगाच दोनदा जाणार नाहीत. इथे तर एकाच हक्कदाराला स्वतःचा पुसण्याचा क्षण निवडायचा होता. खर्च कमी झाला हे खरे, पण तो कमी झाला पुसण्याचा अधिकार नेमका ठरवल्यामुळे.

हार्डवेअरचा पुढचा प्रवासही याच क्रमाने झाला: आधी वेगळी वही, मग स्वस्त वही. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दुसऱ्या पातळीची पेज टेबले दिली. आतल्या सिस्टिमची टेबले तिच्याकडे राहिली आणि हायपरवायझरला स्वतःचा संपूर्ण वेगळा संच मिळाला. इंटेलच्या या संचात सुरुवातीला डर्टी बिट नव्हताच; तो २०१३ च्या हॅसवेल पिढीत आला. तरी तेवढ्याने भागत नव्हते. १ टेराबाइटच्या मशीनला सुमारे २६ कोटी ८४ लाख पाने असतात आणि त्यांच्या नोंदींनीच २ गिगाबाइट भरतात. बदललेली काही हजार पाने शोधायला हे सगळे प्रत्येक फेरीत चाळणे परवडत नाही. ब्रॉडवेल पिढीत आलेल्या पेज मॉडिफिकेशन लॉगिंगने यावर तोडगा काढला आणि एप्रिल २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये केव्हीएम तो वापरू लागले. हायपरवायझरच्या टेबलातला डर्टी बिट कोऱ्याचा उमटलेला होताना प्रोसेसर त्या पानाचा पत्ता एका यादीत लिहितो. यादीत ५१२ पत्ते मावतात आणि ती भरली की हायपरवायझरला हाक जाते. कोणत्या जमिनीचा हक्क बदलला हे कळायला तलाठी गावातला प्रत्येक सातबारा उघडत नाही, फेरफाराची वही पाहतो. तीच सोय इथे हायपरवायझरला मिळाली. पूर्वी दर पानामागे एकदा थांबावे लागे, आता ५१२ पानांमागे एकदा. पुढे २०२१ च्या लिनक्स ५.११ मध्ये केव्हीएमने बिटमॅपला पर्याय म्हणून प्रत्येक आभासी प्रोसेसरची स्वतंत्र वर्तुळाकार यादी देऊ केली. त्यामुळे नोंदीचा खर्च मशीनच्या आकारावर अवलंबून राहण्याऐवजी प्रत्यक्ष बदलांवर अवलंबून राहू लागला.

या नोंदीचे महत्त्व प्रयोगशाळेबाहेर किती आहे, ते २०१४ च्या शरद ऋतूत दिसले. झेनमधली एक गंभीर सुरक्षा-त्रुटी १ ऑक्टोबरला जाहीर व्हायची होती आणि त्याआधी अनेक क्लाउड-पुरवठादारांना आपली यंत्रे दुरुस्त करायची होती. ॲमेझॉनने आपल्या ईसी-२ ताफ्यातल्या दहा टक्क्यांहून कमी मशीनना झळ पोहोचेल असे सांगितले, पण त्या मशीनना बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे लागले आणि त्यांच्या ग्राहकांना धावपळ करावी लागली. गुगलने मात्र २०१३ च्या अखेरीपासूनच आपल्या कॉम्प्युट इंजिनमध्ये चालू मशीन हलवून खालचे यंत्र दुरुस्त करण्याची पद्धत रूढ केली होती. बँकेचा, रुग्णालयाचा किंवा रेल्वे आरक्षणाचा सर्व्हर थांबवणे आणि न थांबवणे यांतला फरक अखेर पानापानाच्या बदलांची बिनचूक यादी ठेवण्यावर येऊन ठेपतो.

दुसरा आक्षेप असा की ही नोंद मुळात टाळता येते. मशीनमधला प्रोग्राम जाळ्याच्या वेगापेक्षा भराभर लिहीत असेल, तर फेऱ्या आखूड होतच नाहीत. सेकंदाला १० गिगाबिटच्या जोडणीवरून सुमारे तीन लाख पाने जातात. त्याहून जास्त पाने बदलत असतील तर स्थलांतर संपणारच नाही. मग आतल्या मशीनचा वेग मुद्दाम घटवावा लागतो, आणि हे ग्राहकाच्या कामावर ओढलेले ओझे आहे. २००९ मध्ये मायकेल हाइन्स आणि सहकाऱ्यांनी उलटी पद्धत मांडली: मशीन आधी पलीकडे सुरू करायचे आणि लागेल तसे पान मागून आणायचे. मग बदल नोंदवण्याची गरजच काय? पण या पद्धतीत मशीनची मेमरी काही काळ दोन यंत्रांत विभागलेली असते; त्यातले एक कोसळले किंवा जोडणी तुटली तर मशीनच धोक्यात येते. तो काळ आखूड राहावा म्हणून व्यवहारात आधी पूर्व-प्रतीच्या एक-दोन फेऱ्या केल्या जातात. आणि मशीन पलीकडे सुरू करण्याच्या क्षणी, आधी पाठवलेली पण नंतर बदललेली पाने कोणती हे क्यूईएमयूला पलीकडे कळवावेच लागते, म्हणजे तिथल्या शिळ्या प्रती टाकून देता येतील. वही मिटायची वेळ आली तरी तिचे शेवटचे पान वाचल्यावाचून सुटका नाही.

प्रोसेसरखेरीज मेमरीत लिहिणारे दुसरेही आहेत, ही बाब बराच काळ अडचणीची ठरली. नेटवर्क कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड डीएमएने थेट मेमरीत लिहितात. त्यांचे लेखन प्रोसेसरच्या पेज टेबलातून जातच नाही, म्हणून लेखनबंदी, डर्टी बिट, प्रोसेसरची यादी यांपैकी कशालाच ते दिसत नाही. असे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनच्या स्वाधीन केले की स्थलांतर सोडून द्यावे लागे. मग उपकरणांच्या लेखनावर नजर ठेवणाऱ्या आयओएमएमयूच्या टेबलांतही डर्टी बिट आले आणि जानेवारी २०२४ च्या लिनक्स ६.७ मध्ये ते वाचण्याची सोय झाली. मल्टिक्सच्या काळी एका यंत्रात बदलाची वही ठेवणारा एकच जण होता. आज लिहिणाऱ्या प्रत्येकामागे स्वतंत्र वही आहे आणि त्या सगळ्या एकत्र केल्याशिवाय मेमरीची खरी स्थिती कोणालाच कळत नाही.

मालकीचा प्रश्न आता सर्वांत टोकदार झाला आहे, कारण नोंद स्वतःच एक गुपित ठरू शकते हे सिद्ध झाले आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चशी संबंधित संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली माहिती यजमानाला वाचता येत नसली, तरी कोणत्या पानाला केव्हा हात लागला एवढे पाहून कप्प्यात हाताळला जाणारा मजकूर आणि चित्रांच्या बाह्याकृती परत मिळवता येतात. २०१७ मध्ये यो व्हॅन बुल्क आणि सहकाऱ्यांनी पेज टेबलातल्या वापराच्या आणि बदलाच्या खुणांवरूनही अशी हेरगिरी करता येते हे दाखवले. काटकसरीसाठी जन्मलेला बिट पाळत ठेवण्याच्या कामी येऊ शकतो, हा या इतिहासातला सर्वांत गंभीर धडा आहे. आता यजमानावरच विश्वास न ठेवणारी व्हर्च्युअल मशीन येत आहेत. इंटेलच्या टीडीएक्समध्ये खासगी पाने लिहिण्यासाठी बंद करण्याची विनंती यजमानाने करायची आणि ती अमलात आणायची दोघांमध्ये बसलेल्या वेगळ्या, इंटेलने प्रमाणित केलेल्या मॉड्यूलने, अशी व्यवस्था आहे. यजमान आणि आतली सिस्टिम या दोन हक्कदारांत आता तिसरा, विश्वस्त म्हणून आला आहे. साठ वर्षांचा हा प्रवास पाहता मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन पक्षांच्या हितासाठी ठेवलेली नोंद एकाच्या मुठीत राहिली, तेव्हा कधी दुसऱ्याची माहिती बुडाली, कधी त्याला आपलाच बदल दिसला नाही आणि कधी त्याचे गुपित फुटले. म्हणून नवी रचना आखणाऱ्यांनी बदल किती वेगाने टिपता येईल हे मोजण्याआधी तो कोणासाठी टिपला जातो, कोण वाचू शकतो आणि कोण पुसू शकतो, हे कागदावर लिहून काढले पाहिजे. वेग नंतर वाढवता येतो, आणि प्रत्येक पिढीत तो वाढवला गेला आहे. अधिकारांची वाटणी मात्र चुकली तर प्रोसेसरची अख्खी पिढी बदलेपर्यंत ती दुरुस्त होत नाही.